शीवफेरीची घोडी

एका राज्यात शीवेचे दगड चालत असत. लहानथोर सगळ्यांना ते ठाऊक होते, म्हणून त्याचे कुणाला नवल नव्हते. वर्षभर दगड मुकाट उभे राहत. सुगी संपली, खळी रिकामी झाली, की ते एकेक करून आत सरकू लागत आणि त्यांच्या मागून पांढरे धुके येई. धुके ज्या शेतावर बसे ते शेत मग राज्याचे राहत नसे. तिथल्या पायवाटा मिटत, विहिरीत पोहरा सोडला तर आवाज येत नसे, आणि माणसे आपल्याच गावाचे नाव विसरत.

उपाय एकच होता. राज्याच्या धन्याने घोड्यावर बसून शीवेची फेरी करायची. घोड्याची टाप जिथे उमटेल तिथे दगड थांबे, आणि पुढच्या सुगीपर्यंत हलत नसे.

धुक्यापलीकडे धुंधुमाळ नावाचा मांत्रिक राहत असे. पहिल्या राजाने शीव आखली तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "आखून घे, राजा. पण तुझा वंश जे टाकील ते माझे. आणि माझे जिथवर पोचेल, तिथवर माझे राज्य."

राजा हसला. टाकण्यासारखे आमच्यापाशी काय आहे, उकिरडा? तो खुशाल ने, म्हणाला.

पण राजे घोड्यावर बसतात, आणि घोड्यावर बसणारा कधी ना कधी पडतो. आता राजा पडला असे म्हणायचे कुणी? जीभ कुणाला नकोशी झाली होती? तेव्हा दरबाराने एक रीत घातली. राजा पडत नाही, घोडा पाडतो. ज्याने पाडले त्याची आयाळ कापायची, ढोल बडवायचे, आणि त्याला शीवेबाहेर धुक्यात हाकलायचे. मोठी सोयीची रीत. राजाची अब्रू राहते, आणि घोडा काही दरबारात येऊन आपली बाजू मांडत नाही. पिढ्यानपिढ्या असे घोडे धुक्यात गेले, आणि ते कुठे गेले हे कुणी विचारले नाही.

त्या गादीवर पुढे केतकावती राणी आली. लहानपणी ती जमिनीपेक्षा घोड्यावरच जास्त असे. चंद्रभाल हा तिचा घोडा. गेल्या फेरीत ओढ्याच्या काठाशी तो अचानक थबकला, आणि राणी त्याच्या मानेवरून पुढे गोट्यांत जाऊन पडली. खांद्याचे हाड मोडले. फेरी अर्धी राहिली आणि तीन गावे धुक्यात गेली. दुसऱ्या दिवशी ढोल वाजले. राणी सज्जातून पाहत होती. चंद्रभाल धुक्याच्या कडेशी जाऊन मागे वळून बघत राहिला, तेव्हा कुणीतरी त्याला चाबूक ओढला. राणी एक अक्षर बोलली नाही.

हाड जुळले. घोड्यावरची मांड मात्र गेली ती गेलीच. पागेच्या दारात ओल्या गवताचा वास आला, की राणीचे तळहात भिजत. एकेकाळी डोळे मिटून घोडा फेकणारी ही बाई रिकिबीकडे बघूनच परत फिरे. आणि इकडे पुन्हा सुगी संपत आली होती. या वेळी फेरी चुकली तर धुके राजधानीच्या वेशीत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

शार्ङ्गधर प्रधान म्हणाला, "राणीसाहेबांना भय वाटते, असे कुणी म्हणू नये. योग्य घोडा मिळत नाही, असे म्हणावे."

सगळ्या दरबाराने तसेच म्हटले.

पागेशेजारच्या उंबरावर एक तांबट पक्षी होता. दिवसभर टुक टुक करी आणि मधेच माणसासारखा बोले. फार जुना पक्षी, त्यामुळे कुणाची भीडभाड त्याला नव्हती. राणी त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"तांबटा, मला घोडा हवा."

"कसा हवा?"

राणीच्या आधी प्रधानच बोलला, "ज्यावरून राणीसाहेब पडणार नाहीत, असा."

"असे दोन आहेत," तांबट म्हणाला. "पूर्वेच्या कड्यावर वाऱ्याचा आणि दक्षिणेच्या खाणीत काशाचा. तिसरी एक घोडी उत्तरेच्या बाजारात आहे. तिची हमी मी देत नाही."

"मग ती राहू दे," प्रधान म्हणाला.

राणी पूर्वेच्या कड्यावर गेली. तिथे श्वास रोखून लगाम उघडा धरायचा असतो, म्हणजे वारा आपण होऊन त्यात तोंड घालतो. तिने तसे केले. लगाम जड झाला आणि पुढ्यात घोडा उभा राहिला. त्याच्या पोटातून पलीकडचे डोंगर दिसत होते. राणीने डोळे मिटून मांड टाकली. तव्यावरची भाकरी उलटायच्या आत सगळी शीव फिरून झाली. राणीला हिसका लागला नाही, धक्का लागला नाही. लोकांनी गुलाल उधळला.

गुलाल खाली बसला आणि एका म्हातारीच्या लक्षात आले की मातीवर टाप नाही. सबंध शीवेवर एकही खूर उमटला नव्हता. लोक बघत असताना दगड कुरकुरले आणि आत आले. राणीने लगाम काढला. वारा निघून गेला. जाताना त्याने मागे पाहिले नाही, कारण आपल्या पाठीवर कुणी होते हे त्याला कळलेच नव्हते.

मग राणी दक्षिणेच्या खाणीत उतरली. काशाचा घोडा तिथे झोपला होता. त्याच्या कपाळावर ठोका दिला, तशी देवळातल्या घंटेसारखा नाद करीत तो उठला. या घोड्याच्या टापा उखळाएवढ्या खोल उमटल्या. त्याची पाठ पाटासारखी स्थिर होती. दगड जागच्या जागी खिळत गेले. राणीला हायसे वाटले. पहिल्यांदा तिने डोळे उघडून आपले राज्य पाहिले.

पण शीव काही सुतात आखलेली नसते. कुंभारवाडीपाशी ती वळसा घेऊन बाहेर जाते. राणीने लगाम ओढला. काशाला लगाम कळत नाही. तिने दोन्ही हातांनी ओढला, तळहात सोलले, रक्त आले, तरी घोडा नाकासमोर चालत राहिला. मडकी भाजायच्या आव्यांवरून गेला, वाळत घातलेल्या मडक्यांवरून गेला, आणि वाडी शीवेच्या पलीकडे राहिली. राणीने पुढे झुकून तलवारीच्या मुठीने त्याच्या कपाळावर ठोका दिला तेव्हा कुठे तो थांबला. तोवर दगड येऊन टापांच्या रांगेत उभेही राहिले होते.

फुटक्या खापरांतून वाट काढत एक कुंभारीण दगडापलीकडे येऊन उभी राहिली. तिच्या पाठीमागे धुके हळूहळू खाली बसत होते.

"राणीसाहेब," ती म्हणाली, "आता आम्ही कुणाच्या राज्यात?"

 लाजेने राणीची मान खाली गेली.

ती काशाच्या घोड्यावरून उतरली आणि प्रधानाला म्हणाली, "मी वर आहे हे वाऱ्याला कळले नाही. मी ओढते आहे हे काशाला कळले नाही. ज्याला मी कळेन असा घोडा हवा."

"क्षमा असावी," प्रधान म्हणाला. "त्याला मग आपले भयही कळेल."

"कळू दे," राणी म्हणाली.

उत्तरेच्या बाजारात घोड्यांची दाटी होती. दरबारी मंडळी दात तपासू लागली, कान पिरगाळू लागली, अंगावरचे केसांचे शुभ-अशुभ भोवरे मोजू लागली. शेवटी बाभळीखाली एक बोऱ्या रंगाची घोडी बांधलेली दिसली. राणीवर धरलेली छत्री पाहून ती एवढी दचकली की बाभूळ मुळापासून हलली.

"हिच्या छातीवर खोटा भोवरा आहे," प्रधान म्हणाला.

घोडेवाला हात जोडून पुढे आला. "भोवऱ्याचं सोडा, मायबाप. पण खोटं बोलायचा नाही मी. ही दचकते. छत्रीला दचकते, पालथ्या घागरीला दचकते, सावलीला तर रोजच दचकते. नाव भिंगरी."

"चावते?"

"नाही."

"दचकल्यावर काय करते?"

"थरथरते. आणि वरच्याच्या हाताची वाट बघते."

राणीने छत्री मिटवायला सांगितली. मग ती एकटीच पुढे गेली. तिचे गुडघे लटपटत होते. भिंगरीचेही पाय लटपटत होते. राणीने तिच्या मानेवर हात ठेवला आणि लहान मुलाला थोपटावे तशी थोपटत राहिली. आपले गुडघे कधी थांबले, ते तिला समजलेच नाही. नाहीतरी भिणाऱ्याला धीर देताना आपल्या भीतीकडे बघायला सवड कुठे मिळते?

"हीच," राणी म्हणाली.

फेरीच्या दिवशी सगळे राज्य शीवेवर लोटले. काशाची टाप न लागलेले दगड राजधानीच्या मळ्यांपर्यंत येऊन ठेपले होते. त्यांच्या मागे धुके भिंतीसारखे उभे होते, आणि त्याला लागूनच फेरी करायची होती. भिंगरी नाचत नाचत निघाली. दर दगडाला बिचके, राणी थोपटी, मग ती पाऊल टाकी. टाप लहानच उमटे, पण उमटे. राणीने उजवीकडे बोट हलवले तर घोडी उजवीकडे वळे. गेल्या वर्षी राणी पडली होती त्या ओढ्यापाशी भिंगरी थबकली. राणीने खाली वाकून पाहिले. वरून धड दिसणारा काठ आतून पोखरलेला होता, वर नुसते गवताचे छत होते. चंद्रभाल कशाला थांबला होता ते तिला आज कळले. तिचे डोळे भरून आले. तिने घोडी वळवून वरच्या उताराने घेतली.

अर्धी फेरी झाली. तेवढ्यात गवतातून तितर फडफडत उडाला, भिंगरी बाजूला उडाली, आणि राणी खाली आदळली.

 काही मोडले नव्हते, पण तोंडात माती गेली होती. प्रधानाने रीतीप्रमाणे हात वर केला. ढोल वाजू लागले. ढोल ऐकताच धुके दुभंगले आणि धुंधुमाळ बाहेर आला. ताडाएवढा उंच, अंगभर पांढरा, आणि त्याच्या पायांना सावली नव्हती.

"घोडीने पाडले," तो म्हणाला. "टाक तिला. ती माझी."

भिंगरी पळून गेली नव्हती. लगाम लोंबत होता, ती जागीच थरथरत उभी होती आणि राणीकडे बघत होती.

राणी उठली. "ढोल बंद करा," म्हणाली. "तिने पाडले नाही. मी पडले."

त्या राज्यात, त्या गादीवर बसलेल्या कुणी हे शब्द आजवर उच्चारले नव्हते. ढोलवाल्यांचे हात हवेतच राहिले. प्रधानाने मान खाली घातली.

"पुन्हा पडशील," धुंधुमाळ म्हणाला.

"पडेन," राणी म्हणाली. "पुन्हा बसेन. पण हिला टाकणार नाही."

तिने रिकिबीत पाय घातला. पाय कापत होता, तो निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. हजारो माणसे बघत होती, आणि आपली राणी घाबरली आहे हे प्रत्येकाला स्वच्छ दिसत होते. कुणी हसले नाही. एका बाईने तर पदराचा बोळा तोंडात धरला होता. तिसऱ्यांदा राणीने डोके भिंगरीच्या मानेला टेकवले, घोडीचा श्वास ऐकला, आपला श्वास त्याच्या लयीत येऊ दिला, आणि वर चढली.

तेव्हा धुक्याने श्वास घेतला.

होय, श्वास. सगळ्यांनी ऐकला. एवढी वर्षे ज्याला धुके म्हटले ते धुके नव्हतेच. शीवेबाहेर हाकललेले घोडे पिढ्यानपिढ्या तिथे उभे होते. आत येता येत नव्हते आणि दूर जाववत नव्हते. थंडीत घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफ निघते ना, ती त्यांची वाफ होती. राणीच्या शब्दाने त्यांच्यावरचा आळ उतरला, तसे पांढरे विरत गेले आणि घोडे दिसू लागले. काळे, अबलख, पंचकल्याणी, कुणाच्या पाठीवर विसरलेल्या राजांच्या वेळचे खोगीर. क्षितिजापर्यंत घोडेच घोडे. लोकांनी नकळत हात जोडले. विरत विरत धुंधुमाळही गेला. टाकलेल्यांखेरीज त्याचे असे काही नव्हतेच.

मग शीवेचे दगड वळले आणि आपल्या पायांनी बाहेर चालू लागले. ते कुंभारवाडीपलीकडे गेले, हरवलेल्या तीन गावांपलीकडे गेले, आणि जुन्या खड्ड्यांत नीट जाऊन बसले. गावांना आपली नावे आठवली. विहिरी बोलू लागल्या. घोडे टपटपत घरी आले.

त्यांत चंद्रभाल होता. तो राणीजवळ आला. राणीने भिंगरीवरूनच हात लांबवला आणि त्याच्या कापलेल्या आयाळीवरून फिरवला.

"चूक तुझी नव्हती," ती म्हणाली. "मी तेव्हाच बोलायला हवे होते." एवढे बोलून ती सर्वांसमोर रडली. चंद्रभालाने तिचा हात हुंगला, भिंगरीला हुंगले, आणि ओढ्यावर पाणी प्यायला गेला. राणीने उरलेली फेरी भिंगरीवर पुरी केली.

पागा मोठी बांधावी लागली. ढोल लग्नघरी गेले. त्या राज्यात आता पडलेले माणूस आधी घोड्याची मान थोपटते, मग कपडे झटकते. सगळ्यात जास्त वेळा शार्ङ्गधर प्रधान पडला, आणि तोही थोपटू लागला.

फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राणी खोगीर खांद्यावर घेऊन पागेत आली. शीव शाबूत होती आणि राज्यावर कसलेही संकट नव्हते.

"राणीसाहेब, आज कुठे जाणे आहे?" प्रधानाने विचारले.

"कुठे नाही," राणी म्हणाली. "सहज."

केतकावतीला जशी तिची मांड मिळाली, तशी ज्याची सुटली असेल त्याला त्याची मिळो.