बुचातलं भोक

जर्मनीत शिकून कुपवाडच्या बॅटरी कारखान्यात रुजू झाले, तेव्हा वाटलं होतं की प्रशिक्षणाचा वर्ग घेऊन इथल्या बायकांना सगळं मीच शिकवणार. पाहिलं तर वीस वर्षं झाकणं बसवणाऱ्या हौसाक्का प्रत्येक बूच उजेडात धरून त्याचं बारीक भोक सुईनं मोकळं करत होत्या. चार्जिंगच्या वेळी बॅटरीत साठणारा गॅस त्याच भोकातून बाहेर पडतो.

पण भोकांतून ॲसिडचे डाग पडतात, अशी एका दुकानदाराची तक्रार आली आणि मालक पाटणेसाहेबांनी सगळी भोकं मेणानं बुजवायला सांगितली. हौसाक्कांनी एकही बुजवलं नाही. साहेब खाली येऊन पंधरा मिनिटं त्यांच्यावर कडाडले.

"सीलबंद म्हणजे सीलबंद. उद्यापासून कामावर यायचं नाही."

भोकं का बुजवायची नाहीत हे मला ठाऊक होतं, पण मी हातातल्या वहीत बघत राहिले.

आक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "घ्या, दमलासा. सगळं बोलून झालं?"

"झालं."

"आता जरा मोकळं वाटतंय का?"

"वाटतंय," साहेब बेसावधपणे म्हणाले.

"बॅटरीच्या बी पोटात असंच साठतंय, साहेब. मघाशी तुमचं तोंड आम्ही मेणानं बुजवलं असतं, तर काय झालं असतं?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. साहेबांनी सावकाश पाणी संपवलं आणि मेणाचा डबा स्वतःच उचलला.

"उद्या वेळेवर या," जाताना ते आक्कांना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं की माझा प्रशिक्षणाचा वर्ग भरेल, पण पहिला तास आक्का घेतील आणि साहेबांनाही बोलावून मी पुढच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसेन.