हाकेचा खडक

खारवेळच्या खाडीत ओहोटीला एक काळा खडक पायथ्यापर्यंत उघडा पडतो; भरतीत त्याचा फक्त माथा पाण्यावर राहतो. त्याला हाकेचा खडक म्हणतात. गावातले मूल पाच वर्षांचे झाले की आई त्याला तिथवर चालत नेते. मूल खडकावर चढून आपले नाव मोठ्याने सांगते आणि किनाऱ्यावरची माणसे हातातले जाळे खाली ठेवून ओ देतात. पाहुण्यांनी विचारले, की गावातले होड्या हाकणारे जुने तांडेल याची गोष्ट सांगतात.

फार वर्षांपूर्वी इथे आवडी नावाची बाई राहायची. नवरा भिवा होडीवर जायचा, ती खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायची. चार वर्षांची शेवंती घरात क्षणभर थांबत नसे आणि आवडीला कामातून उसंत नसे. पोर पाण्याकडे जाऊ नये म्हणून तिने तिला धाक घातला: पाण्यात गिऱ्हा असतो, तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, ओ दिलीस तर ओढून नेतो.

एका दुपारी शेवंती शिंपल्यांच्या नादात वाळूवरून दूर गेली. मागून भरती चढली, तशी ती या खडकावर जाऊन बसली. वारा सुटला होता, तुषारांत काही दिसत नव्हते. भिवाने होडी काढली. तिचे नाव घेत तो खडकाच्या अगदी जवळून गेला, असे सांगतात. ओ आली नाही म्हणून तो खाडीच्या तोंडाकडे वळला. तिथल्या ओढीत होडी उलटली, आणि भिवा परत आला नाही.

पाणी उतरल्यावर पोर आवडीला धडधाकट सापडली. आईच्या पदरात तोंड खुपसून ती म्हणाली, “बाबा हाक मारीत होते. मी ओ दिलंय नाय. तूच सांगल्लंस.”

त्यानंतर शेवंतीचे बोलणेच बंद झाले. चूक कोणाची, हे आवडीला उमगले होते. ते ओझे तिने पोरीवर कधी पडू दिले नाही. तिने खाडीचे पाणी हातात घेऊन शपथ घेतली, की या गावात मुलांना खोटी भीती घालणार नाही आणि घालू देणार नाही. जे खरे तेच शिकवीन. रोज ओहोटीला ती शेवंतीला खडकाशी नेऊ लागली. पाणी घोट्याला लागले की माघारी फिरायचे. वाट चुकली तर उंचावर थांबायचे, आपले नाव ओरडायचे, आपल्या माणसाने हाक मारली की ओ द्यायची. हळूहळू गावची इतर पोरेही येऊ लागली. ती सगळी ओरडत. शेवंती गप्प उभी राही.

तिसऱ्या वर्षी एके दिवशी ती आपणहून खडकावर चढली. खाडीच्या तोंडाकडे बघून तिने जीव एकवटून ओ दिली. “ओ, बाबा!”

म्हणे, पलीकडच्या कड्यावरून ‘शेवू’ अशी हाक आली. आवाज भिवाचा होता. किनाऱ्यावरची माणसे हातातली जाळी खाली ठेवून उभी राहिली. आवडी मात्र वाळूवर बसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

आजही खारवेळच्या घरांत गिऱ्ह्याचे नाव काढत नाहीत. पाण्यात काय आहे, असे पोराने विचारले, तर आया सांगतात, पाणी आहे. आणि आज ते किती वाजता चढणार, तेही सांगतात.