आबांचं संबळ

"नावं दिसतात, मग आवाज का येत नाही, वस्ताद?"

शिदू गोंधळ्यानं काखेतलं सॅम्पलर पॅड चटईवर ठेवलं. या मशिनमध्ये आवाज साठवून ठेवता येतात. रबरी चौकोनावर काठी मारली की साठवलेला आवाज वाजतो. शिदूच्या मशिनमध्ये त्याच्या वडिलांचं, आबांचं संबळ होतं. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती.

मलिकसाब वस्तादांनी हातातला पेटीचा भाता बाजूला ठेवला. मिरजेच्या एका बोळात ते पेट्या दुरुस्त करत. शिदूला हे मशिन त्यांनीच शिकवलं होतं.

"झालं काय?"

"बिघडलं होतं. दुरुस्तीवाल्यानं कोरं करून दिलं. मी माझं मेमरी कार्ड घालून परत भरलं. आबा एक, आबा दोन... सगळी नावं आली. काठी मारली तर मुकं."

"कार्डावर काय ठेवत होतास?"

शिदू चटईची काडी उपसू लागला.

"सगळं ठेव म्हणालो होतो ना?"

"सगळ्याला वीस मिनिटं लागतात, वस्ताद. कार्यक्रम संपला की पार्टी गाडीत बसून शिव्या घालते. आवाज सोडून नुसत्या सेटिंगला दहा सेकंद."

"म्हणजे डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्यास. आत डाळ नाही."

"पण रोज ठेवत होतो!" शिदू उसळला. "एक दिवस चुकवला नाही."

"परत भरून कधी बघितलंस?"

"चालू मशिन पुसून कोण बघतंय? मी काय येडा आहे?"

"नाहीस बाबा," वस्ताद हसले. "येडा मी. मी बघतो."

शिदू हसला नाही.

"आबांचं दुसरं काहीच नाही, वस्ताद. धड फोटोसुद्धा नाही. आणि ते मी माझ्याच हातानं..."

वस्ताद गुडघ्यावर हात देत उठले. फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कापडात गुंडाळलेली कार्डं होती. एकावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शिदूचा बाप'.

आबांना याच चटईवर बसवून त्यांचा एकेक ठोका मशिनमध्ये घेतला होता, त्या दिवशीचं ते कार्ड. वस्तादांनी ते मशिनमध्ये घातलं.

"बस आता. वीस मिनिटं."

दोघं बसले. चहा आला, निवला. शिदूनं पडद्यावरची नजर काढली नाही.

मग त्यानं काठी उचलली.

संबळ घुमलं... आबांचंच. एकेक ठोका तो वाजवत गेला. शेवटच्या ठोक्यानंतर कुणीतरी हळूच खोकलं.

शिदूची काठी थांबली.

"हा आबांचा खोकला मी कापून टाकला होता, वस्ताद. घाण वाटली म्हणून."

शिदूनं तो चौकोन पुन्हा वाजवला. पुन्हा एकदा. मग काठी खाली ठेवून त्यानं वस्तादांच्या पायावर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"तुमच्यामुळं घरात आबा परत आले."

"बरं, ऊठ. आता तुझ्या कार्डावर सगळं ठेव."

आणखी वीस मिनिटं गेली. काम झालं. शिदू डोळे पुसत मशिन पिशवीत घालू लागला. वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"आता पूस."

"काय?"

"मशिन. पूस आणि तुझ्या कार्डावरून भरून दाखव."

शिदूचं बोट बटणावर गेलं. पडद्यावर मशिननं विचारलं, खरंच पुसायचं का? बोट तिथंच राहिलं.

"आणि नाही आलं तर, वस्ताद?"

वस्तादांनी बिस्किटांचा डबा मांडीवर घेतला.

"नाही आलं, तर मी आहे तोवर कळू दे."