तान्ह्यांच्या दांड्यावरची करळ

"वयनी, वाळूला आजवर कुणी बांधून ठेवलंय गो? बस होडीत!"

"तुम्ही बसा भावजी. तुमचं बूड आधीच टेकलंय तिथं."

"येडी झालीस."

"शहाण्यांनी होडी भरली ना? मग निघा."

भिमाय आणि तिचा धाकटा दीर धाकू यांचं हे भांडण जिथं जुंपलं असं सांगतात, तीच ही जागा, खाडीच्या तोंडाशी. दोन्ही बाजूंची वाळू दर पावसाळ्यात वाहून जाते, समुद्रात घुसलेला हा वाळूचा दांडा तेवढा हलत नाही. टाच आपटून बघा. वाळूच आहे, पण दगड झालेली. इकडे हिला करळ म्हणतात.

पूर्वी इथं कोळ्यांच्या झोपड्या होत्या म्हणे. दात न आलेलं मूल गेलं तर त्याला जाळत नसत, दांड्याच्या टोकाला वाळूत पुरत. भिमायची मुलगी तिथंच होती. नवरा आधीच गेलेला. एका पावसाळ्यात समुद्र टोक कुरतडू लागला आणि गावाने पलीकडे डोंगरावर जायचं ठरवलं. त्यात काही चुकलं नाही. पण टोकाशी निजलेल्या पोरांचं नाव कुणी काढेना.

भिमाय शिंपले भाजून चुना करायची. चुना विझवून वर राहिलेलं नितळ पाणी, म्हणजे निवळी, भट्टीमागे ओतायची. ओतून ओतून तिथली वाळू अशी आवळली होती की कुदळ उडायची. हे गावानेही पाहिलं होतं. गावाने त्यावर पडून फक्त गुडघे सोलून घेतले.

होड्या गेल्या, ती राहिली. शिंपले वेचायचे, भट्टी लावायची, निवळीचे घडे टोकाशी न्यायचे, ओतायचे, सुकू द्यायचं, पुन्हा ओतायचं. लाटेने नेलं की ओहोटीला पहिल्यापासून. चमत्कार म्हणणाऱ्यांनी एकदा तो घडा कमरेवर घेऊन बघावा! बोलायला कुणी नाही. संध्याकाळी पलीकडच्या चुली दिसायच्या. कुणाची पेटली नाही हे तिला इथून कळायचं. तिची पेटली की नाही, हे तिकडून कुणी बघत नव्हतं. अशीच ती म्हातारी झाली, आणि टोक दगड झालं.

आजही ज्या घरातलं तान्हं जातं, त्या घरची आई एकटी इथं येते आणि निवळीचा घडा ओतते. नावाडी पाठ करून बसतो. भटजी लागत नाही, मंत्र लागत नाही.

होड्या निघाल्या त्या दिवशी मात्र धाकू सहजी हटला नाही म्हणे. तो चिखलात उतरला, त्याने तिचा हात धरला. "माझीपण दोन आहेत गो तिथं," तो म्हणाला, "मी नाही का जात?"

भिमायने हात सोडवून घेतला.

"ज्यांना चालता येतं ती सगळी घेऊन जा भावजी, इथं निजलीत ती अजून रांगायलाही शिकली नव्हती."