यादी खरी की शेरा?

वडसावलीच्या यंत्रमागांवर ओडिशाहून आलेली माणसं राबत. त्यांना मराठी शिकवून गावात सामावून घ्यावं म्हणून सरकारने नगरपालिकेला अनुदान दिलं. नगराध्यक्ष आबासाहेब दळवींनी ते गिळलं.

तपासणीला अधिकारी कुलथेबाई आल्या, तेव्हा आबासाहेबांनी जमलेल्या कामगारांसमोर मराठीच्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या त्रेचाळीस जणांची यादी वाचून दाखवली.

यादीत आपलं नाव ऐकून मागावरची सुकांती बेहेरा उठली. तिने एक कागद टेबलावर ठेवला.

"बाई, हा माझा रहिवासी दाखल्याचा अर्ज. दाखले नाहीत म्हणून आमच्या वस्तीला नळ नाही. सात वर्षं आम्ही गटाराशेजारच्या विहिरीचं पाणी पितो. अर्जावर शेरा आहे, 'अर्जदारास मराठी येत नाही, नामंजूर.' यादीवर सही आबासाहेबांची आणि शेऱ्यावरही त्यांचीच. आबासाहेब, यातलं खोटं कोणतं?"

यादी खोटी म्हणावी, तर तुरुंग समोर दिसत होता. आबासाहेबांनी घाम पुसला. "शेरा चुकून पडला."

"मग दुरुस्त करा," असं म्हणत सुकांतीने वस्तीतले त्याच शेऱ्याने फेटाळलेले सगळे अर्ज पुढे सरकवले. आबासाहेबांनी दातओठ खात एकेक अर्ज मंजूर केला.

शेवटची सही होताच सुकांती कुलथेबाईंकडे वळली. "आता आम्ही या गावचे रहिवासी झालो. रहिवाशांची पहिली तक्रार लिहून घ्या. मराठीचा वर्ग इथे एक दिवसही भरला नाही. ही भाषा मी यांच्या शिव्या ऐकून शिकले."

कुलथेबाईंनी पेन उघडलं.