उंबऱ्यापाशी थांबलेली पावलं

“मग माझ्या घरात चालतंय कोण, ते सांगा!”

हसबनीस मास्तरांनी हे एवढ्या मोठ्यानं विचारलं की मठाच्या ओसरीवर झोपलेली मांजर उठून निघून गेली.

अक्का धुनीतली राख सारखी करत होती. तिनं मान वर केली नाही. अक्काला घाई माहीत नाही, आणि ती सगळ्या जगाला अरेतुरे करते.

मी मठात पाणी भरतो, सरपण फोडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून वैतागतो. पण मास्तर आले म्हणून कुऱ्हाड खाली ठेवली. ते शाळेत कवायत शिकवायचे. अर्ध्या गावाच्या पोटऱ्यांनी त्यांची छडी खाल्लीय, माझ्यासुद्धा. सत्तरी उलटली तरी हा माणूस भिंतीला टेकून बसत नाही.

मास्तरीणबाईंना, म्हणजे मंदाबाईंना, विसरण्याचा आजार जडून पुष्कळ वर्षं झाली होती. आधी त्या दूध उतू घालवायला लागल्या. मग मुलाला विसरल्या, मग मास्तरांना. बोलणं गेलं. शेवटी पाय चालायचंच विसरले, आणि बाई खाटेला लागल्या.

“कोण चालतंय म्हणजे?” अक्का म्हणाली.

“दुपारी हिचा डोळा लागला की पडवीत जोडवी वाजतात. फरशीवर. खट... खट. मी तिची चाल ओळखतो. डावं पाऊल जरा घासत टाकायची, लग्न होऊन आली तेव्हापासून.”

“मग जोडवी काढून ठेव.”

“काढलीच आहेत. पाय सुजले तेव्हाच काढली. देव्हाऱ्यात आहेत.”



खरं सांगतो, भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मी जरा धुनीकडे सरकून बसलो.

“आणि भिंतीवर पावलं उमटतात,” मास्तर आता हळू बोलत होते. “खाटेजवळच्या भिंतीवर. पांढरी. वरवर चढत गेलेली. मी पुसतो, पुन्हा उमटतात. त्यांना... त्यांना बोटं नसतात, अक्का.”

“सकाळी काय करतोस तिचं?”

मास्तरांचा कणा आपोआप ताठ झाला. “उभी करतो. आढ्याला दोर बांधलाय, तिच्या कमरेला पट्टा. वर ओढतो आणि ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणतो. पाय टाकत नाही ती. पण मी सोडत नाही. शरीराला शिस्त लावली की ते ऐकतं. जन्मभर हेच शिकवलं मी.”

“रडते?”

“...ओरडते.”

“आणि तू?”

“मी मोजत राहतो.”

मला त्या क्षणी मास्तरांचा भयंकर राग आला. आणि लगेच त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. दोर ओढून ओढून तळव्यांची सालं निघाली होती.

“अंगण शेवटचं कधी पाहिलं तिनं?” अक्कानं विचारलं.

“चालत येईल त्या दिवशी पाहील.”

“उचलून ने की.”

मास्तर ताडकन उठले. “उचलून? उचलून नेतात ते मढं! एकदा मी तिला उचललं की संपलं सगळं. मग ती परत यायची नाही. मला ती हवी आहे, अक्का. चालणारी. पडवीत फिरते ना, ती! खाटेवर आहे ती कोण, मला कळत नाही. मी तिला भरवतो, पुसतो, कूस बदलतो... पण ती कोण आहे?”

एवढा कडक माणूस, पण शेवटच्या शब्दाला आवाज पार फाटला. मी दुसरीकडे पाहिलं. छडी खाल्लेल्या माणसानंसुद्धा मास्तरांना रडताना पाहू नये.

अक्का म्हणाली, “मूठ दे.”

“काय?”

“मूठ वळ आणि दे इकडे.”

मास्तरांनी मूठ पुढे केली. अक्कानं ती करंगळीच्या बाजूनं ओल्या राखेत बुडवली आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर दाबली. मग हात उचलला.

जमिनीवर एक छोटंसं पाऊल उमटलं होतं. टाच, तळवा... बोटं नव्हती.

मास्तर पाहतच राहिले. घरी दरवर्षी गौरी यायच्या. दारापासून देवघरापर्यंत पावलं उमटलेली ते दरवर्षी पाहायचे. पण ती काढतात कशी, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. बायकांचं काम ते. मास्तर बाहेर पाहुण्यांशी बोलत बसायचे.

“तिच्या मुठी वळल्यात का?” अक्कानं विचारलं.

“हो. उघडतच नाहीत आता...” मास्तर थांबले. “मी पेज भरवतो. ती हात मारते वाटीत. मला वाटायचं, जेवायचं नाही म्हणून मारते...”

ते मटकन खाली बसले. आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकले.

“गौरीची पावलं काढत होती ती? एवढे दिवस? आणि मी रोज ओलं फडकं घेऊन...”

अक्कानं त्यांना रडू दिलं. मलाही बरं वाटलं. उलगडा झाला एकदाचा, असं म्हणून मी कुऱ्हाडीकडे वळलो.

“पण अक्का,” मास्तर डोळे पुसत म्हणाले, “फरशीवरही असतात. पडवीतून आलेली, पाण्याची. तिचा हात तिथपर्यंत पोचत नाही.”

“त्यांना बोटं आहेत?”

 

“...आहेत.”

“कुठवर येतात?”

“तिच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. तिथं थांबतात. आत येत नाहीत.”

मी कुऱ्हाड घेतलीच नाही. परत येऊन बसलो.

अक्कानं त्या राखेच्या पावलावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “तुमच्याकडे गौर कशी आणतात?”

“दोघी असतात. थोरली आणि धाकटी. मुखवटे नदीवर नेतात, पाण्याचा हात लावतात आणि घरी आणतात. आणणारीनं तोंडात पाण्याची चूळ धरायची. बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. दारात कुणीतरी विचारतं, गौर कुणाच्या पावलांनी आली...”

“चालत येते का गौर?”

“...नाही. उचलून आणतात.”

“मढं असते?”

मास्तर आपल्या सोललेल्या तळव्यांकडे बघत राहिले.

“उद्या सकाळी दोर सोड,” अक्का म्हणाली. “तिला उचल. नदीवर ने, पाण्याचा हात लाव आणि घरी आण. चूळ धर तोंडात. एक-दोन करायचं नाही. मागे बघायचं नाही.”

“पण ते... ते सवाष्णीचं काम आहे.”

“घरात दुसरी आहे का कुणी बाई?”

 दुसरी आहे की नाही, हेच तर मास्तर विचारायला आले होते.

सकाळी अक्का मला घेऊन मास्तरांच्या घरी गेली. घर नदीला लागूनच आहे. मी म्हणत होतो, मला सरपण फोडायचंय. तिनं ऐकलं नाही.

मास्तरांनी आढ्याचा दोर सोडला होता. गुंडाळी करून तो कोपऱ्यात ठेवला होता. मंदाबाई खाटेवर होत्या. इवल्याशा झाल्या होत्या. मुठी छातीशी घट्ट. मास्तर खाटेजवळ गेले आणि तसेच उभे राहिले. 

“माझा धीर होत नाही,” ते म्हणाले.

अक्कानं पाण्याचा तांब्या पुढे केला. मास्तरांनी चूळ भरली. आता बोलायची सोयच उरली नाही. ते वाकले, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि बाईंना उचललं.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी डोकं मास्तरांच्या गळ्याशी टेकवलं, जसं काही तिथली जागा त्यांच्या ओळखीची होती.

मी मास्तरांबरोबर नदीवर गेलो. ते पायरीवर बसले, बाईंना मांडीवर धरलं आणि ओंजळीनं त्यांच्या पायांवर पाणी सोडलं. ऊन कोवळं होतं. बाई उन्हाकडे बघत होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघत होते. गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि एक शब्द नाही. एरवी मला हसू आलं असतं.

परत निघालो. मास्तर बाईंना घेऊन, मी त्यांच्या बरोबरीनं.

पायऱ्या संपल्या, पडवीची फरशी लागली, आणि आवाज आला.

खट... खट. मध्ये एक पाऊल घासल्याचा आवाज.

बाईंचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. अनवाणी, ओले, हवेत लोंबणारे. जोडवी देव्हाऱ्यात होती, मी निघताना पाहिली होती.

मास्तरांनी पाऊल टाकलं की आवाज यायचा. ते थांबले की थांबायचा. त्यांची मान ताठ झाली. अख्खं अंग मागे ओढलं जात होतं, मला दिसत होतं. त्यांना हवी होती ती मागेच होती ना... पण त्यांनी हातातल्या बाईंना आणखी जवळ धरलं आणि चालत राहिले.

मला मागे बघायची मनाई नव्हती. तरी मी बघितलं नाही. भित्रा म्हणायचं तर म्हणा.

अक्का बाईंच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. आतल्या बाजूला तिनं मुठीनं कुंकवाची पावलं काढली होती, थेट खाटेपर्यंत. बोटांसकट.

मास्तर समोर उभे राहिले. मागचा आवाजही थांबला.

“गौर आली?” अक्कानं विचारलं.

मास्तरांनी मान हलवली.

“कुणाच्या पावलांनी आली?”

मास्तरांचं तोंड पाण्यानं भरलेलं.  कुठंतरी पाण्याचा थेंब पडला.

“ह्यांच्या.”

बायकी आवाज. जुना, जरा लाजरा. मी मंदाबाईंच्या ओठांकडे पाहत होतो. ते हलले नव्हते. आवाज पाठीमागून आला होता.

मास्तरांनी घोट गिळला. डोळे गच्च मिटले. पण वळले नाहीत.

“अक्का...” ते कसेबसे म्हणाले, “कोण बोललं?”

अक्का उंबऱ्यावरून उठली. एका माणसाला वाट लागते त्याहून जरा जास्तच बाजूला सरकली.

“दोघींनाही आत घे.”