वस्तादांनी काय वाचवलं?

"मला बसवून तुम्ही काय वाचवलासा, वस्ताद? तेवढं दाखवा."

इंद्रजितनं तालमीच्या दारातूनच विचारलं. आत येईपर्यंतही त्याला धीर धरवला नाही.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्यात उभे राहून फावड्यानं लाल माती उकरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

आदल्या दिवशी फायनल झाली होती. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि फायनल हरली की पेठेत तोंड दाखवायची सोय राहत नाही. इंद्रजितची तालीम एका गोलनं हरली. संघासाठी सगळ्यात जास्त गोल मारणारा गडी, म्हणजे खुद्द इंद्रजित, सामनाभर बाकावर बसून नखं खात होता. गोव्याच्या एका क्लबची माणसं खास त्याचा खेळ बघायला आली होती. तीही हात हलवत परत गेली.

बसवलं होतं वस्तादांनी. जाहीर केलं कोचनं, पण शब्द वस्तादांचा. उभा जन्म कुस्तीत काढलेले वस्ताद पुण्याला जाऊन ट्रेनरचा कोर्स करून आले होते. पोरांची अंगं घडवायची आणि मोडू द्यायची नाहीत, एवढंच त्यांचं संघातलं काम.

गुरुवारी त्यांनी सगळ्यांना बाकावरून एका पायावर उडी मारायला लावली. डाव्या पायावर उतरताना इंद्रजित डगमगला. मांडीमागं ओढ बसतेय का, असं त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला, आणि ते खोटं होतं. वस्ताद सरळ कोचकडं गेले.

"जरा ओढत होतं," इंद्रजित आता म्हणाला. "तेवढ्यावर सगळेच खेळत्यात. मला काय बी झालं नसतं."

"नसतं झालं, असंल."

इंद्रजित घरून भांडण घोकून आला होता. हा माणूस कबूलच करतोय म्हटल्यावर त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

"मग बसवलासा कशाला?"

वस्ताद माती उकरत राहिले.

तेव्हा मात्र इंद्रजितचा तोल सुटला. गोव्याची माणसं पुन्हा येतील याची काय खात्री, असं तो म्हणाला. यंदा आपला एकही गडी मैदानातून उचलून न्यावा लागला नाही हे खरं, पण ते नशीबही असू शकतं. मी गोल मारतो तो सगळ्या गावाला दिसतो, तुमचं काम कुणाला दिसतं? आणि जाता जाता आणखी एक टोमणा मारला. या तालमीत आता कुणी कुस्ती धरत नाही, तरी रोज ही ढेकळं फोडत बसता, ती कुणासाठी?

बोलून झाल्यावर त्याचे डोळे भरून आले. त्याचा त्याला आणखीनच राग आला.

वस्तादांनी फावडं मातीत रोवलं.

"चपला काढ. ये हिकडं."

इंद्रजित हौद्यात उतरला. आता समजूत घालणार, असं त्याला वाटलं. वस्तादांचा एक हात त्याच्या मानेवर आला, दुसरा कमरेत गेला, आणि पुढच्या क्षणाला त्याचे दोन्ही पाय हवेत होते. मग तालमीचं छप्पर दिसलं. तो पाठीवर उताणा पडला होता. त्यांनी त्याला उजव्या अंगानं फिरवलं होतं. डाव्या पायावर तसूभरही भार आला नव्हता, हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

माती गार होती, भुसभुशीत होती. तिच्यात मुरवलेल्या ताकाचा आणि तेलाचा वास येत होता.

वस्ताद शेजारी उकिडवे बसले.

"लागलं?"

"न्हाई."

"बघ नीट."

इंद्रजितनं मान वळवून पाहिली. खांदा चाचपला. कंबर चाचपली…

"न्हाई लागलं, वस्ताद. कुठंच न्हाई."

वस्ताद उठले. इंद्रजितच्या अंगाखाली दबलेल्या मातीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि पुन्हा फावडं उचललं.

"मग कुठं लागलं न्हाई, तेवढं दाखव."